पन्नास मीटरची सरळ पट्टी

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि गावोगावी मुलींच्या संघांबरोबर काम करणाऱ्या मैत्रिणी यांच्या बीड जिल्ह्यातील शिबिरात एका क्रीडाशिक्षिकेने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय, 'सांघिक खेळातील मुलींसाठी सरळ रेषेतील वेगाचा सराव'. सकाळी चहाच्या वेळी दोघीजणी तो वाचून हसत होत्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काल दिवसभर आपण पोटगी, रेशनकार्ड, ऊसतोडीच्या फडावरचे बायकांचे हाल यांवर बोललो. त्यात हे पळण्याचं प्रकरण कुठून आलं, असं वाटणं साहजिक आहे. मी आधी खेळाबद्दलच बोलणार आहे, आणि नीट तपशिलात बोलणार आहे. कारण मुलींच्या खेळाबद्दल आपण भाषणं पुष्कळ करतो, पण मुलीला मैदानावर नेऊन नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही. बाकीचे प्रश्न त्या तपशिलातूनच समोर येतील.

सुरुवात एका शब्दापासून करते. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या आईला भेटायला गेले होते. मुलगी खो-खोच्या संघात हवी होती. आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "तुमची पोरगी फार छान पळते हो." तिचा हात थांबला. म्हणाली, "बाई, असं मोठ्यानं बोलू नका. शेजारी काय समजतील?" मग माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे मुलगा पळाला म्हणजे शर्यतीत पळाला, आणि पोरगी पळाली म्हणजे घर सोडून पळून गेली. आधी हसू आलं, मग हसू जिरलं. कारण याच भीतीपोटी इथे मुलींची लग्नं उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. तर या जिल्ह्यात मुलीला 'पळ' म्हणणं ही साधी गोष्ट नाही, एवढं आधी मनात धरू या.

आता मैदानावर चला.

खो-खो तुम्ही सगळ्या शाळेत खेळला आहात. मधल्या पाटीवर आठजणी एकीआड एक उलट्या तोंडानं बसतात, नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी आत असतात. पळणाऱ्या तिघींना सगळी मोकळीक आहे. बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जा, वळा, थांबा, हुलकावणी द्या. पाठलाग करणारीला मात्र ती नाही. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. खांबाला वळसा घातल्याशिवाय दुसऱ्या अंगाला जाता येत नाही. (अल्टिमेट खो-खोसारख्या नव्या प्रकारात 'वजीर' म्हणून खेळणारीला दिशेची सूट असते, पण शाळा-तालुक्याचा खेळ अजून जुन्याच नियमानं चालतो.) म्हणजे पाठलाग करणारीकडे दोनच गोष्टी उरतात. वेळेवर खो देणं, आणि सरळ रेषेत जोरात पळणं. दोन खांबांमधलं अंतर साधारण २४ मीटर. त्या २४ मीटरच्या आतच गडी बाद होतो किंवा निसटतो.

कबड्डीत मुलींचं मैदान १२ मीटर लांब, म्हणजे एका बाजूला ६ मीटर. चढाईला गेलेली मुलगी हात लावून मध्यरेषेकडे परतते ते तीन-चार पावलांचं सरळ पळणं असतं. हॉकी, फुटबॉलमध्ये अंतरं वाढतात, पण तिथेही जोराची धाव बहुतेक वेळा १० ते ३० मीटरची, दोन ते चार सेकंदांची असते. नव्वद मिनिटांच्या खेळात त्या सेकंदांची बेरीज थोडीशीच होते. पण चेंडू कोणाला मिळाला, गोल झाला की हुकला, हे त्याच सेकंदांत ठरतं.

एक हिशेब सांगते. समजा, दोन मुली आहेत. एक २० मीटर ४ सेकंदांत पळते, दुसरी ३.७ सेकंदांत. फरक फक्त ०.३ सेकंदांचा. पण शेवटाला त्या सेकंदाला साधारण ६ मीटरनं धावत असतात. म्हणजे दुसरी पहिलीच्या जवळजवळ पावणेदोन मीटर पुढे असते. हात कितीही लांब केला तरी पावणेदोन मीटर पुरत नाही. सूर मारावा लागतो, आणि सूर मारूनही बोटं हवेतच राहतात.

हे मला माझ्या अंगावरून कळलं. मी शाळेत असताना तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला माझ्यापुढे एक मुलगी खांबाच्या दिशेने निघाली. सरळ पट्टा होता, मध्ये कोणी नव्हतं. ती वितीभर अंतराने निसटली. आम्ही हरलो. परत आल्यावर सरांनी सगळ्यांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. पुढचे चार महिने रोज फेऱ्याच. आम्ही दमायला शिकलो, पण वेगानं पळायला कोणी शिकवलं नाही. पुढच्या वर्षी तोच सामना, तसाच सरळ पट्टा, तशीच वीतभर चूक.

सरांना दोष देऊन मी हे संपवत नाही, कारण शिक्षिका झाल्यावर पहिली काही वर्षं मीही तेच केलं. मुली दमून बसल्या की सराव चांगला झाला असं मला वाटायचं. आजही बहुतेक शाळांत हेच चालतं. फेऱ्या होतात आणि खो द्यायचा, सूर मारायचा, खांबावर वळायचा सराव होतो. पण पूर्ण ताकदीनं, अंगातला सगळा जोर लावून, सरळ तीस मीटर पळ, मग थांब, दम खा, पुन्हा पळ, हे मुलींना कोणी सांगत नाही. दम टिकवणं आणि वेग वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळू हळू पुष्कळ पळून शरीर हळू पळण्यातच तरबेज होतं.

आपल्या जिल्ह्याचा अविनाश साबळे तुम्हाला माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण त्यानं मिळवलं. त्याच्यामुळे गावोगाव मुलं सकाळी रस्त्यानं पळायला लागली, फार चांगलं झालं. पण ते लांब पल्ल्याचं पळणं आहे. खो-खोच्या मुलीला तेच दिलं तर तिचा खेळ सुधारेलच असं नाही.

मग वेग म्हणजे काय? आपल्याकडे समजूत अशी की वेग जन्माला येतो. 'तिचे पायच हरणाचे' म्हणतात. थोडं खरं आहे, अंगकाठीचा भाग असतोच. पण पुष्कळसा वेग शिकवता येतो. पहिल्या दहा मीटरमध्ये अंग पुढे झुकलेलं हवं, पाय जमिनीला मागे ढकलतो, हात जोरानं मागे-पुढे जातात. घाईनं उभं राहिलं की ढकलणं संपतं. पुढे अंग आपोआप सरळ होतं, पाऊल शरीराच्या खाली पडतं आणि जमिनीला लागून लगेच उचललं जातं. पाऊल फार पुढे टाकलं तर ते ब्रेकसारखं लागतं. एवढ्या चार गोष्टी समजल्या आणि दोन-तीन महिने नेमानं सराव झाला की फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. समजा, एका मुलीचा सगळ्यात जास्त वेग सेकंदाला ६ मीटर आहे आणि खेळात ती बराच वेळ ५ मीटरनं पळते. म्हणजे ती आपल्या ताकदीच्या ८३ टक्क्यांवर चाललीय. तिचा वरचा वेग ७ मीटर झाला तर तेच ५ मीटर तिला ७१ टक्क्यांवर पडतं. तीच धाव, पण ती कमी दमते. छत उंच केलं की घरात वावरायला जागा होते, तसंच हे.

आता कृती सांगते. वही असेल तर लिहून घ्या.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये दोन दिवसांची सुट्टी हवी. उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. सराव अंग ताजं असताना, खेळ सुरू व्हायच्या आधी करायचा, शेवटी दमल्यावर नाही. पंधरा मिनिटं अंग गरम करायचं. हळू धावणं, गुडघे उचलून चालणं, टाच मागे मारत पळणं, मग दोन-तीन वेळा वाढत्या वेगानं पळणं. नंतर १० मीटरच्या चार धावा, २० मीटरच्या चार, ३० मीटरच्या तीन. बेरीज करा. २१० मीटर झाले. एवढंच. ऐकून वाटतं की हे काहीच नाही. पण प्रत्येक धाव पूर्ण जोरानं हवी, आणि प्रत्येक धावेनंतर पूर्ण विश्रांती हवी. दहा मीटरला साधारण एक मिनिट, तीस मीटरला तीन मिनिटं, असा ढोबळ हिशेब. विश्रांती कमी केली की वेगाचा सराव संपतो आणि फेऱ्यांचा सराव सुरू होतो. नवीन मुलींना पहिले दोन आठवडे पाऊण जोरानंच पळवा.

एक प्रकार खास खो-खोसाठी. मुलीला चौकात बसते तशी बसवा, पाठीवर थाप मारून खो द्या, आणि उठून सरळ दहा मीटर पळू द्या. उठतानाच वेग कुठे वाया जातो ते तिला स्वतःला कळेल.

घड्याळाबद्दल सावध राहा. मोबाईलच्या घड्याळावर बोटानं वेळ घेतली तर बोटाच्याच चुकीनं एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणून दर वेळी एकाच बाईनं वेळ घ्यावी आणि महिन्यातून एकदाच घ्यावी. रोज आकडे लावून मुलींना एकमेकींशी तोलू नका.

आता तुम्ही विचाराल, आणि काही प्रशिक्षक विचारतातच, की खो-खो, कबड्डीत सगळं वळणं आणि हुलकावणीच असते, मग सरळ पळून काय मिळणार? प्रश्न बरोबर आहे. सरळ वेग वाढला म्हणून वळणं आपोआप सुधारत नाही. वळण्यासाठी आधी वेग मारावा लागतो. गुडघे वाकवून, अंग खाली आणून थांबायला लागतं. ते वेगळं शिकवावं लागतं. पण मारायला आधी वेग हवा ना? म्हणून पाया सरळ रेषेचा, त्यावर थांबणं, त्यावर वळणं, असा माझा क्रम आहे. मुलींच्या बाबतीत थांबायचं शिकवणं जास्तच गरजेचं आहे, कारण अचानक थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना गुडघ्याच्या आतला स्नायुबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त दिसतं. तोल, ताकद आणि नीट उतरणं शिकवणारे व्यायाम रोज पंधरा मिनिटं केले तर ही दुखापत बरीच टळते.

मांडीच्या मागची शीर भरणं, म्हणजे तो स्नायू ताणला जाणं, हेही तसंच. ज्या मुली सरावात कधीच पूर्ण जोरानं पळत नाहीत त्या सामन्यात एकदम पळतात आणि मांडी धरून खाली बसतात. आठवड्यातून थोडं थोडं पूर्ण वेगानं पळत राहणं हाच त्यावरचा एक चांगला उपाय आहे. जोडीला एक व्यायाम करा. मुलीनं गुडघ्यांवर उभं राहायचं, मैत्रिणीनं मागून घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. शेवटी हातांवर पडायचं. सुरुवातीला चार-पाच वेळाच. याला पैसे लागत नाहीत, फक्त मैत्रीण लागते.

इथपर्यंत खेळाचं झालं. आता या सरावाला काय काय लागतं ते पाहू, म्हणजे हा विषय आपल्या शिबिरात का आला ते कळेल.

पहिली गोष्ट जागा. तीस मीटर पळायला, आणि पुढे पंधरा-वीस मीटर वेग ओसरायला. म्हणजे पन्नास मीटर लांब, पाच-सहा मीटर रुंद अशी एक पट्टी. मी शिकले त्या शाळेत मोठं मैदान मुलांच्या क्रिकेटचं होतं. आम्हाला भिंतीकडेचा तुकडा मिळायचा. तिथे वीस पावलांवर भिंत होती. आता भिंत समोर दिसली की पोरगी आधीच वेग कमी करते. आम्ही सगळं बालपण भिंतीच्या आधी थांबायचाच सराव केला. शिक्षिका झाल्यावर मी आठवीच्या मुलींना प्रथम मोकळ्या रानात नेलं आणि म्हटलं, 'त्या बाभळीपर्यंत सगळा जोर लावून पळा.' त्या पळाल्या कशा? एक हात छातीवर, एक ओढणीवर, हसत, मागे वळून बघत, आणि बाभळीच्या बऱ्याच आधी थांबल्या. मी विचारलं, शेवटचं जोरात कधी पळाला होता? एकजण म्हणाली, "चौथीत असताना, बाई." त्या चौदा वर्षांच्या होत्या. मुली मुळातच हळू असतात असं आपण म्हणतो. पण ज्या वयात मुलगा रोज संध्याकाळी मोकळ्यावर पळतो, त्याच वयात मुलीला पळायचं बंद करायला शिकवलं जातं. तरुणपणी शरीरात फरक पडतो हे खरंच आहे. पण त्यातला किती फरक शरीराचा आणि किती पाच-सहा वर्षं न पळण्याचा, हे मुली पळाल्याशिवाय कळणार कसं?

दुसरी गोष्ट कपडे. छातीला आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही. ती नसेल तर मुलगी पळताना हात हलवत नाही, आणि हात हलले नाहीत तर पाय हलत नाहीत. हे बोलायला आईला संकोच, मुलीला संकोच, पुरुष प्रशिक्षकाला तर विचारूच नका. म्हणून ते आपण बोलायचं. पायात काही नसेल तर आधी मैदान झाडून काटे, खडे वेचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. मुरमाची पट्टी सगळ्यात बरी.

तिसरी गोष्ट अन्न आणि रक्त. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. रक्त कमी असलेली मुलगी पहिली धाव बरी पळते, तिसऱ्या धावेला तिचा चेहरा उतरतो. प्रशिक्षक म्हणतो, आळशी आहे. सराव सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का ते बघा, आणि सरावानंतर मूठभर शेंगदाणे, गूळ, फुटाणे तरी तिच्या हातात पडतील अशी सोय करा. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या खो-खो संघाची कर्णधार होती. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पोटभर जेवण मिळणं हीच लहानपणीची मोठी अडचण होती, असं तिनं स्वतः वार्ताहरांना सांगितलंय. तिच्या जिद्दीचं कौतुक आपण करतोच. पण प्रत्येक मुलीनं उपाशीपोटी जिद्द दाखवावी अशी अपेक्षा आपण ठेवायची का?

पाळीच्या दिवसांत पळू नये असं काही नाही. बरं वाटत असेल तर पळावं, दुखत असेल तर बसावं, निर्णय मुलीचा. पण सराव वाढला आणि पाळी महिनोन् महिने आलीच नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका. पोटाला कमी पडतंय याची ती खूण असू शकते, डॉक्टरला दाखवा. आपल्या जिल्ह्यात हे सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायका होत्या आणि कामाचा खाडा नको म्हणून किती जणींनी हे सोसलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. जिथे बाईचं शरीर म्हणजे मोळी वाहायचं साधन, तिथे एका मुलीला 'तुझं शरीर तुझं आहे, त्याचा जोर तू स्वतःसाठी लावून बघ' असं म्हणणं हे मी खेळाच्या तासाला करते. तुम्ही ते आरोग्य शिबिरात करता. काम एकच.

चौथी गोष्ट वेळ. दसरा-दिवाळी झाली की निम्मा संघ आईबापांबरोबर तोडीला जातो. वेगाचं असं आहे की तो येतो हळू आणि ओसरतो लवकर. चार महिने मुलगी वाढे गोळा करते, धाकटी भावंडं सांभाळते, परत येते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. काही परततच नाहीत, लग्न होऊन जातात. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी मागे राहिलेल्या मुलींसाठी तरी सराव चालू राहिला, तर शाळेशी त्यांचा एक धागा राहतो. मैदानावर रोज हजेरी लागणारी मुलगी दोन दिवस दिसली नाही तर कोणीतरी विचारायला जातं. एकदा मी तशीच विचारायला गेले आणि घरापुढे मांडवाच्या मेढी रोवताना दिसल्या. तालुक्याला फोन केला, तुमच्यापैकीच दोघी आल्या. ते लग्न थांबलं. सगळीच थांबली असं मी म्हणणार नाही.

पाचवी गोष्ट भरवसा. २०२३ मध्ये महिला कुस्तीगिरांना न्यायासाठी दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं, हे आपण पाहिलं. म्हणून गावातल्या पट्टीवरसुद्धा एक मोठी बाई हजर असावी. तंत्र दाखवताना अंगाला हात लावायचा तर मुलीला विचारूनच लावायचा. 'खेळात असं चालतंच' हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही.

आता मुलींच्या आया विचारतात ते सांगते. "बाई, पळून मिळणार काय?" त्या माउलीला आपण स्वातंत्र्यावर भाषण देऊ नये, उत्तर द्यावं. पोलीस शिपाई भरतीत मुलींना ८०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटरला १५ गुण असतात, आणि ते १०० मीटर म्हणजे सरळ रेषेतला वेगच. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे सगळ्यांना मिळेल असं खोटं आश्वासन देऊ नका. भरतीला जागा थोड्या, मुली पुष्कळ.

आणि मग प्रियांका इंगळेचं सांगा. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका मूळची आपल्या केज तालुक्यातली. तिचा खेळ मात्र पुण्याच्या बाजूला घडला. तिच्या कष्टाला तोड नाही. पण मला त्या दिवशी आनंदाबरोबर एक प्रश्नही पडला. केजमध्ये राहिलेल्या तिच्या वयाच्या मुली आज कुठे असतील? त्यांच्यातही पाय असलेल्या असतीलच. त्यांना पट्टी मिळाली नाही.

म्हणून या शिबिरातून आपण एक छोटं काम घेऊन जाऊ या. प्रत्येक गावात, शाळेच्या मैदानावर किंवा गावठाणात, मुलींसाठी पन्नास मीटरची सरळ पट्टी. खडे वेचायचे, मुरूम टाकायचा, फक्कीनं दोन रेषा मारायच्या. १०, २० आणि ३० मीटरवर खूण करायची. खर्च जवळजवळ नाही. पण ग्रामसभेत ठराव मांडायचा, की सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी एक तास ही पट्टी मुलींची. महिला ग्रामसभेत आधी बोलून घ्या, म्हणजे मोठ्या सभेत एकटी पडणार नाही. उन्हाळ्यात सकाळचाच वेळ, सोबत पाण्याचा हंडा. मंडळातल्या बायकांनी पाळीनं तिथे बसायचं. बसून कंटाळा आला तर उठून पळायलाही हरकत नाही, फक्त पहिल्या दिवशी जोर लावू नका, मांडी धराल.

लोक विचारतील, एवढ्या अडचणी असताना पट्टीच कशाला? त्यांना सांगा, की आम्ही फार काही मागत नाही. मध्ये भिंत नसलेली पन्नास मीटर जागा मागतोय.

त्या भाकरी थापणाऱ्या आईचं सांगायचं राहिलं. मुलीला तिनं पाठवलं. दोन वर्षांनी जिल्ह्याच्या सामन्याला ती स्वतः आली, मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. मुलगी पाठलागाला उठली, समोर सरळ पट्टा होता, आणि खांबाच्या अलीकडे तिनं गडी बाद केला. आई मोठ्यानं ओरडली, "पळाली! माझी पोरगी पळाली!" आजूबाजूच्या माणसांनी वळून बघितलं. तिला त्याचं भान नव्हतं.

एवढंच मला सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न विचारा, आणि नंतर बाहेर चला. मी फक्की आणि दोरी आणली आहे.